सासूबाईंचं रक्त आणि गावाचा चहा

"पोरी, तुझी सासू बर्फ खाते. बाईमाणूस बर्फ खायला लागलं की समजावं, अंगातलं रक्त पाणी झालं," असं मेल्विनाकाकू मला गेल्या उन्हाळ्यात म्हणाल्या होत्या. मी हसले. मी आमच्या बेटाच्या राजधानीत, सेंट जॉन्सला राहून पदवी घेतलेली बाई, आणि मेल्विनाकाकूंचं वैद्यकशास्त्र म्हणजे अंगावर चामखीळ आली तर तिच्यावर खारवलेल्या डुकराची चरबी चोळायची आणि मग ती चरबी शेजारच्याच्या मांजराला घालायची. अशा बाईचं एक भाकीत खरं मानलं तर उरलेली शंभरही मानावी लागतात. सुशिक्षित माणसाला ही भीती असतेच.

शिवाय आमच्या सॅडल कोव्हमध्ये बर्फ खाणं काही जगावेगळं नाही. दर वसंतात हिमनग खाडीच्या तोंडाशी येऊन पाहुण्यासारखे ताटकळत उभे राहतात. मेल्विनाकाकूंचे यजमान अँब्रोजकाका होडी काढून त्यांचे तुकडे ओढून आणतात, आणि गावातल्या प्रत्येक फ्रीझरमध्ये कॉडमाशांच्या शेजारी एक पिशवी हिमनग पडलेला असतो. तो पाहुण्यांच्या ग्लासात घालायचा. सासूबाई तो पाहुण्यांविनाच संपवत होत्या. विणताना कडाकड, टीव्ही बघताना कडाकड. माझी एल्सी, वय पावणेदोन, आजीच्या तोंडातला आवाज ऐकून आधी घाबरायची, मग स्वतःच हात पसरायला लागली. मला वाटलं, बरं आहे, या वयात दात तरी शाबूत आहेत.

सासूबाईंचं नाव ट्रायफिना. त्यांचा उजवा खुबा झिजून झिजून आता चालताना कुरकुरणाऱ्या दारासारखा झाला होता. पण त्यांचं खरं दुखणं खुब्यात नव्हतं, खिडकीत होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीचा पलीकडचा काठ दिसतो, आणि तिथे खडकाच्या डोक्यावर एक पिवळं घर. त्यात त्यांची थोरली बहीण राहते, केझाया. आमची केझीमावशी. मधलं पाणी एवढंच, की हाक पोचत नाही पण हलवलेलं फडकं दिसतं. रोज सकाळी किटली चढवली की दोघी आपापल्या खिडकीत येणार, भांडी पुसायचं फडकं हलवणार, आणि मग फोन लावून एकमेकींकडे बघत बोलणार.

"तुझा पडदा धुवायला झालाय गं, ट्रायफी."

"तू आधी तुझी चिमणी बघ. डोक्यावर टोपी तिरकी घातल्यासारखी दिसतेय."

गाडीने वळसा घालून खडकाच्या पायथ्यापर्यंत जाता येतं. तिथून पुढे मात्र खडकाला ठोकलेला लाकडी जिना, आणि तो काही खुबा बघून बांधलेला नाही. दोन हिवाळे सासूबाई तिथे गेल्या नव्हत्या. केझीमावशींनीच खाली यावं म्हणून मी किती वेळा गाडी घेऊन येते म्हटलं! पण कधी त्यांचा पाव भट्टीत असायचा, कधी कोंबड्यांना बरं नसायचं, कधी वारा असायचा. वारा तर आमच्याकडे बाराही महिने असतो.

"थोरली आहे ती," सासूबाई म्हणायच्या. "थोरल्यांनी यायचं नसतं. आपण जायचं असतं." आणि फोन ठेवल्यावरही त्या बराच वेळ खिडकीतच उभ्या राहायच्या, हातात ते फडकं, जसं काही पलीकडचं घर पुसूनच ठेवायचं आहे.

म्हणून खुबा बदलायची तारीख आली तेव्हा आमच्या घरात लग्न ठरल्यासारखं झालं. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासण्यांना मी त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेले, एल्सीला काखोटीला मारून. माझा नवरा क्लेटन देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात तेलाच्या खाणीवर असतो, त्यामुळे आमच्या घरात काखोटीला मारायच्या सगळ्या गोष्टी माझ्याच काखोटीला असतात. तिथल्या कीपिंग आडनावाच्या नर्सनी रक्ताचा कागद बघितला आणि चष्मा काढला. चष्मा काढणारी नर्स मला कधीच आवडत नाही.

"ट्रायफिनाबाई, हिमोग्लोबिन शहाण्णव आहे."

"शहाण्णव?" सासूबाईंचा चेहरा फुलला. "आमच्या शाळेत एवढे कुणालाच पडायचे नाहीत."

"लिटरमागे एकशे तीस ग्रॅमच्या आसपास हवं. शिवाय शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलाय. खुब्याच्या शस्त्रक्रियेत रक्त जातंच. मुळात कमी असलेल्या माणसाला मग दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, जखम भरायला वेळ लागतो, आणि उठून चालणं लांबतं. आपण आधी लोह वाढवू, मग खुबा." त्या माझ्याकडे वळल्या. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

साधाच प्रश्न. पण मलमपट्टीच्या त्या खोलीत, तीन अनोळखी म्हाताऱ्यांसमोर विचारला गेला की त्याचा अर्थ 'या बाईला उपाशी कोण ठेवतंय?' असा होतो. मी गेल्या आठवड्याचा सगळा स्वयंपाक वारानुसार सांगू लागले. तेवढ्यात एल्सीने रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गळ्यात घालून फुगा दाबला. तिला सोडवेपर्यंत नर्स कीपिंग गोळ्यांबद्दल जे काही सांगत होत्या त्यातलं मला निम्मं ऐकू आलं: दिवसाआड एक, उपाशी पोटी. उरलेलं निम्मं सासूबाईंनी ऐकलं आणि 'हो हो' म्हणून तिथेच सोडलं.

घरी आल्यावर त्यांनी फोन लावला. "केझी, तारीख गेली गं."

 पलीकडून आवाज आला, "जाऊ दे. पायऱ्या कुठे पळून जातात?" पण त्या दिवशी कुठल्याच खिडकीत फडकं हललं नाही.

आमच्या गावात गुपित ठेवायचं असेल तर ते स्वतःच सांगून टाकावं, म्हणजे निदान त्यात भर तरी कमी पडते. मी ते केलं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ट्रायफीचं रक्त आटलंय आणि शिकलेली सून तिला सॅलड खायला घालते. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. आमच्याकडे दार वाजवत नाहीत, सरळ आत येतात, आणि येताना रिकाम्या हाताने येत नाहीत. कुणी मूसची, म्हणजे आमच्याकडच्या थोराड सांबराची, काळवीटाएवढी तंगडी आणली, कुणी काकवीचा बुधला, कुणी कलेजी. अँब्रोजकाकांनी सीलचे पंजे आणले. त्या मांसात लोह भरपूर असतं, हे मी स्वतः वाचून खात्री केली. वास किती असतो हे वाचावं लागलं नाही. पुढचे चार दिवस गावातली मांजरं माझ्या मागे चर्चपर्यंत यायची.

मेल्विनाकाकूंनी होडीचा एक लांबलचक खिळा आणला. "सूपात टाक आणि उकळ. माझ्या आजीने असंच नऊ बाळंतपणं काढली."

मी पदवीला स्मरून विरोध केला. पण सासूबाई म्हणाल्या, "तिचं मन कशाला मोडायचं?" म्हणून मी तो सूपात टाकला. दोन दिवस उकळला. तिसऱ्या दिवशी अँब्रोजकाकांनी चव घ्यायला झाकण काढलं आणि डावाने खिळा वर काढून माझ्यासमोर उजेडात धरला.

"अगं रोवीना, हा तर जस्ताचा मुलामा दिलेला खिळा. गंजू नये म्हणूनच घेतात तो."

म्हणजे जगात जो एकच खिळा लोह सुटू देणार नाही अशी कारखान्याची हमी असते, तो आम्ही दोन दिवस उकळत बसलो होतो. मेल्विनाकाकू नवऱ्याला म्हणाल्या, "आजीच्या वेळी खिळे प्रामाणिक होते." सूप आम्ही समुद्रात ओतलं. कुठल्या कॉडला त्याचं काय झालं, माहीत नाही.

याच गडबडीत एक सकाळ अशी आली की मी धुणं वाळत घालून आत येते तर एल्सी जमिनीवर बसलेली, शेजारी लोहाच्या गोळ्यांची बाटली आडवी, आणि तोंड, हनुवटी, फ्रॉक सगळं काळं. या गोळ्या लहान मुलांच्या पोटात गेल्या तर काय होतं ते मी पूर्वीच वाचून ठेवलं होतं. मी सगळं पूर्वीच वाचून ठेवते, आणि म्हणूनच मला कधी नीट झोप लागत नाही.  विषबाधेच्या मदत-क्रमांकावर फोन लावून मी ओरडत होते आणि सासूबाई खुबा विसरून खाली बसून गोळ्या मोजत होत्या. बाटलीचं झाकण घट्ट होतं. गोळ्या सगळ्या जागेवर. मग त्यांनी एल्सीच्या हनुवटीवरून बोट फिरवलं, चाखलं, आणि म्हणाल्या, "काकवी."

फोनवरच्या माणसाने विचारलं, "बाई, मुलगी कशी आहे?"

"गोड आहे," मी म्हणाले, आणि रडायला लागले. बाटली त्या दिवसापासून कपाटाच्या सगळ्यात वर, जिथे माझाच हात पोचत नाही.

दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. इतकी कलेजी, इतके पंजे, इतकी काकवी! मी निकालाला जरा नटूनच गेले होते. हिमोग्लोबिन पंच्याण्णव.

नर्स कीपिंगनी चष्मा काढला. "गोळी घेता ना?"

"न चुकता," सासूबाई म्हणाल्या.

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर. नुसती कशी उतरणार घशाखाली?"

नर्स कीपिंगनी पेन उचललं. "आणि दिवसाला चहा किती?"

"एकच," सासूबाई निरागसपणे म्हणाल्या.

"एक कप?"

"एक किटली."

मग नर्स कीपिंगनी ते सांगितलं जे पहिल्या वेळी रक्तदाबाच्या पट्ट्यात अडकून राहिलं होतं: कडक चहा लोहाला पोटातच धरून ठेवतो, रक्तापर्यंत जाऊच देत नाही. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा नाही, दूध नाही. घ्यायची तर संत्र्याच्या रसाबरोबर.

आता सगळा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर आला. आमच्या स्टोव्हच्या कडेला किटली सकाळी चढते आणि रात्रीपर्यंत उतरत नाही. दुपारपर्यंत तिच्यातला चहा असा होतो की त्याने होडीला रंग द्यावा. आलेल्या माणसाला चहाशिवाय परत पाठवणं म्हणजे त्याच्या बापाचा उद्धार करणं. आणि पाहुण्याला एकट्याने चहा पिऊ देणं त्याहून वाईट. म्हणजे जो जो माणूस सासूबाईंचं रक्त वाढावं म्हणून काही घेऊन आला, त्याच्याबरोबर त्या एकेक कप प्यायल्या, डब्यातल्या घट्ट दुधाचा. गावाने एका हाताने लोह आणलं आणि दुसऱ्या हाताने धुऊन नेलं.

एवढ्यावर भागलं नाही. नर्स कीपिंगनी विचारलं, दुखण्यावर काय घेता? सासूबाईंनी पर्समधून सुजेच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. मला वाटायचं दिवसाला एक घेतात. त्या शेंगदाण्यासारख्या घेत होत्या. या गोळ्यांनी पोटाला आतून जखमा होतात, म्हणून नळी घालून बघितलं तर आतून थोडं थोडं रक्त झिरपत होतं, कुणाला न सांगता.

"तुम्हाला एवढं दुखत होतं तर बोलला का नाहीत, आई?" परतीच्या वाटेवर मी विचारलं.

"तू आधीच किती काळजी करतेस," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "म्हटलं, हिला एक कमी असू दे."

मी घरी येऊन दारावर पुठ्ठा लावला: 'चहा बंद.' पहिल्या मेल्विनाकाकू आल्या. "चहा बंद? कोण गेलं?" मी शास्त्र समजावलं. त्यांनी ते तोंड मिटून ऐकलं आणि उभ्याउभ्याच निघून गेल्या. मग कुणीच आलं नाही. दुकानात माझ्यामागे कुजबुज ऐकू यायची, 'तीच ती, सासूची किटली लपवणारी.' रविवारी क्लेटनचा फोन आला. तो नेहमी फोन असा धरतो की मला त्याचं फक्त कपाळ आणि खोलीचं छत दिसतं.

"आईचा चहा तोडलास म्हणे? अँब्रोजकाकांनी कळवलं."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. इथे ये आणि जोड."

"येतो ना, पुढच्या सुटीच्या पाळीला." मागच्या पाळीलाही तो हेच म्हणाला होता. जादा काम घेतलं की पाळी पुढे सरकते. "बाकी मी एकदम मस्त आहे," कपाळ म्हणालं.

घरात एवढी शांतता झाली की घड्याळ ऐकू यायला लागलं. एका दुपारी सासूबाई संत्र्याच्या रसाचा पेला पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "रक्त वाढेल गं रोवीना," त्या म्हणाल्या. "पण ते वाढलेलं दाखवू कुणाला?"

मी पुठ्ठा काढला. पण मग पहारा कोण देणार? तो प्रश्न केझीमावशींनी सोडवला. त्यांच्या खिडकीतून गावातलं प्रत्येक दार दिसतं. सकाळी गोळी घेतली की सासूबाई खिडकीत लाल फडकं टांगायच्या, आणि दोन तास झाले की पांढरं. मधल्या वेळात कुणी आमच्या दिशेने वळला की केझीमावशींचा फोन.

"रोवीना, अँब्रोज होडीघरापासून निघालाय. खिशात बिस्किटं आहेत, चालण्यावरून कळतं. थोपव त्याला." पुढे त्या पाहुण्यांनाच परस्पर फोन करू लागल्या. "मेल्विना, लाल आहे अजून. बस घरी." आठवड्याभरात गावाने रंग शिकून घेतले. पांढरं फडकं दिसलं की माणसांची रांग लागायची. मेल्विनाकाकू पहिल्या यायच्या आणि म्हणायच्या, "मी बर्फाचं बोलले होते. पण माझं कोण ऐकतं?" दिवसातून एकदा, न चुकता. लोह घटलं की बर्फ खावासा वाटतो, हे नर्स कीपिंगनीही सांगितलं होतं, म्हणून ती गोळीही मी घेतली.

फोनवर केझीमावशी बोलायच्या तेव्हा मधे मधे थांबायच्या. मला वाटायचं दुर्बीण डोळ्याला लावत असतील.

पोटासाठी दिलेल्या औषधांनी गोळ्यांचं शोषण आणखी मंदावलं, म्हणून शेवटी नर्स कीपिंगनी लोह थेट शिरेतून द्यायचं ठरवलं. धुक्यातून, रस्त्यात उभ्या राहिलेल्या एका मूसची मनधरणी करत, आम्ही पोचलो. सलाईनच्या पिशवीत काळपट तपकिरी पाणी होतं. सासूबाईंनी ते थेंब थेंब उतरताना बराच वेळ बघितलं.

"चहाच आहे की हा," त्या म्हणाल्या. "मी मागितला तर नाही म्हणतात, आणि इथे शिरेतून देतात."

उन्हाळा सरता सरता आकडा एकशे अठ्ठावीसवर आला. नर्स कीपिंगनी या वेळी चष्मा काढला नाही. खुबा बदलला, दुसऱ्याच्या रक्ताचा एक थेंबही लागला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई वॉकर धरून इस्पितळाच्या जिन्याकडे निघाल्या. फिजिओथेरपीच्या पोराने अडवलं तर म्हणाल्या, "बाळ, मला सपाट जमिनीवर कुठे जायचंय?"

ऑक्टोबरात, खडकांवर लाल बेरी पिकल्या होत्या तेव्हा, आम्ही पायथ्याशी गाडी लावली. सासूबाई काठी घेऊन पुढे, मी एल्सीला पाठीशी बांधून मागे, दोन्ही हात पसरून, जणू त्या पडल्या तर मी झेलणारच होते. वर खिडकीत फडकं हलत होतं. सासूबाई प्रत्येक टप्प्यावर थांबून काठी हलवायच्या. शेवटच्या टप्प्यावर त्यांनी केस सारखे केले.

दार उघडायला फार वेळ लागला.

केझीमावशी चौकट धरून उभ्या होत्या. खाडीपलीकडून त्या मला कायम ताठ, ठणठणीत दिसलेल्या. जवळून बघितलं तर चेहरा पिठासारखा, ओठांना रंग नाही, आणि खिडकीपासून दारापर्यंत आल्याची धाप अजून चालू. स्वयंपाकघरात खिडकीला लागूनच खाट होती. पाणी, पाव, फोन, सगळं खाटेवरून हात पोचेल असं मांडलेलं.

"आलीस," त्या म्हणाल्या. "उशीर केलास."

सासूबाई त्यांना मिठी मारणार होत्या. महिनोन्महिने त्या दारात काय म्हणायचं ते ठरवत होत्या, मला पाठ झालं होतं. त्यातलं काही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, बहिणीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"केझी, हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"रोज फोनवर बोलतेस माझ्याशी. रोज मला म्हणतेस, गोळी घे, रस घे."

"तुझी तारीख पुन्हा चुकली असती, ट्रायफी. माझ्यामागे धावली असतीस." त्या जरा थांबल्या, श्वास घेतला. "आणि खिडकीतून मी बरी दिसते, मला माहीत आहे. एप्रन झटकून, फडकं हलवून. तेवढं जमतं."

मग दोघी खाटेवर बसल्या, एकमेकींचे हात धरून. पाठीवरून उतरवलेली एल्सी उघड्या दारातून जिन्याच्या कठड्यापाशी जायला लागली म्हणून मी उठले, नाहीतर मीही उठले नसते.

केझीमावशींना अँब्रोजकाका आणि आणखी तिघांनी खुर्चीत बसवून त्या जिन्यावरून खाली आणलं. सगळा वेळ त्या चौघांना पावलं कुठे टाकायची ते सांगत होत्या. त्यांचा आकडा सत्तरच्या घरात निघाला. हिवाळाभर त्या आमच्याकडेच होत्या, आणि आता दोघी एकाच टेबलाशी बसून माझ्या पडद्यांबद्दल बोलतात. खिडकी मोकळी असते. केझीमावशींच्या तोंडावर रंग हळूहळू येतोय.

पण तेव्हापासून मला एक झालंय. क्लेटनचा फोन आला की मी म्हणते, जरा खाली धर, उजेडात ये. तो हसतो, म्हणतो, इकडे उजेड कमीच असतो, आणि मी एकदम मस्त आहे. तीन पाळ्या झाल्या तो आला नाही. तुमच्यापैकी कुणी अल्बर्टात खाणीकडे जाणार असेल, तर तिथल्या छावणीत क्लेटन बाउरिंग म्हणून विचारा. उंच आहे, चालताना डावीकडे झुकतो, जेवताना बोलत नाही. त्याला काही सांगू नका. फक्त जरा जवळ जाऊन बघा, आणि तोंडावर रंग कसा आहे तेवढं मला कळवा.